मिनिटमावशींची चिठ्ठी

आमच्या थिएटरात मुलांचा सिनेमा लागला की दारावर तिकीट फाडणारी बाई आधी गुडघ्यांवर हात ठेवून मुलाकडे वाकते, त्याच्याशी दोन शब्द बोलते आणि मगच त्याच्या आईबापाकडे बघते. पूर्वी हे बरोबर उलटं होतं. सगळं बोलणं आईबापाशी, आणि मुलाला विचारायचं काही कारणच नाही. हा बदल एका दुपारी झाला. त्या दुपारी मी तिथेच बाकावर बसलो होतो, म्हणून सांगायचा हक्कही माझाच.

या बाईंना सगळे मिनिटमावशी म्हणतात. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, मी कधी शोधायला गेलो नाही. मी इथला ऑपरेटर, म्हणजे वरच्या खोलीतून सिनेमा दाखवणारा. मावशी माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. त्या मला 'ऑपरेटर' म्हणून अरेतुरे करतात आणि मी त्यांना अहोजाहो करतो. वीस वर्षं आमचं असंच चाललंय आणि वीस वर्षं आमचं एका गोष्टीवरून वाजत आलंय. ती गोष्ट म्हणजे त्यांची चिठ्ठी.

नवा सिनेमा आला की आदल्या दिवशी सकाळी मी तो एकदा चालवून बघतो. आवाज नीट येतो ना, चित्र कुठे कापलं जात नाही ना, एवढंच. सिनेमा मुलांचा असला की मावशी त्या रिकाम्या थिएटरात सातव्या रांगेत येऊन बसतात. मांडीवर वही, हातात पेन्सिल, मनगटावर नवऱ्याचं जुनं मोठ्या तबकडीचं घड्याळ. आणि त्याच्याही आधी, सिनेमा ज्या पुस्तकावरून काढलाय ते पुस्तक त्यांनी वाचनालयातून आणून वाचलेलं असतं. मुलांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर पन्नाशीची बाई उभी बघून तिथली पोरं हसायची. शिंगं मोडून वासरांत शिरणं म्हणतात ते हेच, असं मी एकदा म्हणालो. त्यावर मावशी म्हणाल्या, "वासरांत शिरल्याशिवाय त्यांना काय चावतं ते कळत नाही."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी दाराशेजारी चिकटलेली असायची. एक मला अजून तोंडपाठ आहे. "अडतीसाव्या मिनिटाला कोळी. मोठा. आधी पाय दिसतात, तोंड नंतर. बावन्न: आजोबा मेले असं वाटतं, मेलेले नाहीत, मुलांना आधीच सांगून टाका. एक तास सहा: चुंबन. छोटंसं आहे, त्रास आईवडिलांनाच." लोक हसायचे, पण वाचल्याशिवाय आत जायचे नाहीत. लहान मूल असलेले बाप तर घड्याळ जुळवून घ्यायचे. अडतीस मिनिटं झाली की पाचसहा जण आपापलं मूल काखेत मारून बाहेर यायचे, पाण्याच्या नळापाशी उभे राहायचे आणि कोळी मेला की परत आत.

हे वेड लागलं ते त्यांच्या मुलामुळे. तो पाच वर्षांचा असताना त्यांनी त्याला असाच एक पुस्तकावरचा सिनेमा दाखवायला नेलं. पोस्टरवर 'सहकुटुंब पाहण्याजोगा' असं ठसठशीत लिहिलेलं. सिनेमात एका चेटकिणीने अख्खी विहीर गिळली. पुढचे दोन महिने पोरगा बाथरूममध्ये एकटा जाईना. पुस्तकातही ती विहीर गिळतेच, पण पुस्तकात तो कधी घाबरला नव्हता. मावशींचं म्हणणं, पुस्तक वाचताना मूल आपल्याला झेपेल एवढाच राक्षस मनात काढतं. सिनेमावाला त्याच्या हौसेने काढतो. "आणि सहकुटुंब म्हणे," त्या चिडून म्हणायच्या, "कुणाचं कुटुंब ते कुठे लिहिलंय?"

माझं म्हणणं वेगळं होतं. मूल घाबरायलाच तर येतं, नाहीतर घरी बसून गादीवर उड्या मारेल की. "तुम्ही त्यांची भीती चाळणीने गाळून देता," मी म्हणायचो. "तू बस वर आणि उंटावरून शेळ्या हाक," त्या म्हणायच्या. कारण खाली दारात रडणारं मूल त्यांच्यासमोर यायचं, माझ्यासमोर नाही. हे त्यांचं खरं होतं.

त्या वर्षी नावाड्याच्या मुलीचा सिनेमा आला. पाच भागांचं पुस्तक, मुलांनी वाचून वाचून पानं सुटी केलेली. सिनेमा तिसऱ्या भागाचा. धुक्यापलीकडच्या राज्यात गेलेल्या आईला परत आणायला ती मुलगी एकटी नाव घेऊन निघते. वाटेत बोलणारे मासे, पाठीवर बेट घेऊन हिंडणारं कासव, असं सगळं आहे. शेवटी आई सापडते. पण ती परत येऊ शकत नाही. नावेतल्या कंदिलातलं तेल संपेपर्यंत दोघी बोलत बसतात, तेल संपतं, आणि मुलगी एकटीच नाव वल्हवत घरी येते. पुस्तकात अकरा पानं, सिनेमात सात मिनिटं.

तपासणीच्या दिवशी मावशी नाक पुसत वर माझ्या खोलीत आल्या. "एक तास चौदा ते एक तास एकवीस," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीत मासे, कासव यांना त्यांनी खुशाल सोडून दिलं होतं. एकच ओळ होती: "आई भेटते, पण परत येत नाही. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी ही सात मिनिटं मुलाला बाहेर न्यावं."

सिनेमा तीन आठवडे चालला. शेवटच्या दिवशी बाराच्या खेळाला समोरचा चष्मेवाला आला. आमच्या रस्त्यावर निम्म्या लोकांच्या नाकावर त्याचाच चष्मा आहे. त्याची बायको मागच्या वर्षी तीन महिन्यांच्या आजारात गेली. मुलगी नऊ वर्षांची, आणि त्या दिवशी तिच्या काखेत तोच तिसरा भाग होता, कडेला चिकटपट्टी लावलेला.

चष्मेवाला चिठ्ठीसमोर बराच वेळ उभा राहिला. "काय करू मावशी?" त्याने हळूच विचारलं. "तीन आठवडे टाळलं. हट्ट करत नाही ती. आई गेल्यापासून हट्टच करत नाही कशाचा. पण रोज दुकानात बसून इथल्या पोस्टरकडे बघते."

"ने की आत. छान आहे सिनेमा," मावशी म्हणाल्या. "तेवढी सात मिनिटं बाहेर आण. मी दारात आहेच. मीच खूण करेन."

मुलगी दोघांच्या मध्ये उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

हल्ली सिनेमा कळ दाबली की आपला आपण चालतो, त्यामुळे मी बहुतेक वेळ खाली दाराजवळच्या बाकावर असतो. एक तास तेराव्या मिनिटाला मावशींनी दार किलकिलं करून बॅटरीची उघडझाप केली. बाप आणि मुलगी बाहेर आले. चष्मेवाला नळापाशी जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला. मुलगी माझ्या आणि मावशींच्या मध्ये बाकावर येऊन बसली, पुस्तक मांडीवर घेऊन. आतून सिनेमाचं संगीत पुसटसं ऐकू येत होतं.

"आता नाव आली असेल ना?" तिने विचारलं.

"तू नको लक्ष देऊस तिकडे," मावशी म्हणाल्या. "थोडाच वेळ. मग जायचंय परत आत."

"मला माहीत आहे काय होतं ते. खूप वेळा वाचलंय मी." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, तिने नुसतं सांगितलं. "मला फक्त बघायचं होतं, ती कशी बोलते आईशी. मला तेव्हापण बाहेरच नेलं होतं."

"कधी गं?"

"दवाखान्यात. आत्याने मला खाली नेलं. थोडाच वेळ म्हणाली. मग आम्ही वर गेलो तेव्हा आई गेली होती."

मावशींचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. वीस वर्षं ही बाई घड्याळ लावून पोरांना वाचवत आली होती, आणि आज तिने एका मुलीला दुसऱ्यांदा त्याच दाराबाहेर काढलं होतं. मी वीस वर्षं तिच्याशी भांडलो, पण त्या क्षणी मला जिंकल्यासारखं जरासुद्धा वाटलं नाही. माझं तरी काय बरोबर होतं? मी भीती भीती करत बसलो होतो, आणि इथे भीतीचा प्रश्नच नव्हता.

मावशी उठल्या आणि सरळ नळापाशी गेल्या. "माझं चुकलं," त्या चष्मेवाल्याला म्हणाल्या, आणि मुलगी जे बोलली ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. आडवळण त्यांना जमत नाही. चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मावशी, आत्ता कुठे रात्रीची झोपायला लागलीय ती," तो म्हणाला. "परत उकरून काढू नका. पाया पडतो."

"झोपते, हट्ट करत नाही, रडत नाही. शहाणी झालीय, नाही का?" मावशी म्हणाल्या. "तू तिला कधी विचारलंस का काही?"

"काय विचारू? मला स्वतःला बोलता येत नाही त्यावर."

मला राहवलं नाही. घड्याळाकडे बघून मी म्हणालो, "अजून तीन मिनिटं आहेत. पटकन आत गेलात तर शेवट तरी सापडेल."

"अर्धवट नको," मावशी माझ्यावर डाफरल्या. "शेवट तिने दवाखान्यातच बघितलाय. तिला बोलणं बघायचंय." मग चष्मेवाल्याला म्हणाल्या, "तीनचा खेळ शेवटचा. उद्या हा सिनेमा इथे नसेल. मी सांगणार नाही तुला काय कर. आधी सांगितलं तेच पुष्कळ झालं. तिला विचार."

चष्मेवाला तिथेच उभा राहिला. शेवटी मुलगीच उठून त्याच्याजवळ गेली. तो खाली बसला, तिच्या तोंडासमोर तोंड आणून, आणि म्हणाला, "तुला बघायचंय?"

तिने मान डोलावली. मग म्हणाली, "तुला नसेल बघवत तर तू बाहेर थांब, बाबा. मी नंतर सांगेन तुला काय झालं ते."

चष्मेवाल्याने दुपारभर दुकान उघडलं नाही.

तीनच्या खेळाला मी वरच्या खोलीतच थांबलो. काम काही नव्हतं, पण खाली बसवेना. माझ्या खोलीच्या झरोक्यातून मला सातव्या रांगेतली दोन डोकी दिसत होती, एक उंच आणि एक खुर्चीच्या पाठीवरून जेमतेम वर आलेलं. मावशी दारात उभ्या होत्या आणि त्यांनी या वेळी बॅटरी खिशातून काढलीच नाही. नाव किनाऱ्याला लागली. आई धुक्यातून पुढे आली. बाहेर जायला कुणी उठलं नाही. त्या सात मिनिटांत लहान डोकं जराही हललं नाही. उंच डोकं मात्र हळूहळू खाली गेलं, आणि मग बराच वेळ मला एकच डोकं दिसत होतं.

खेळ सुटला. गर्दी निघून गेली, तरी हे दोघे दाराजवळच्या बाकावर बसून राहिले. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबलो. मावशी बाहेरच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. झाडूवाली येत होती, तिला त्यांनी हातानेच नंतर ये म्हणून सांगितलं.

"तू होतास ना तिथे?" मुलीने विचारलं. "शेवटी?"

"होतो."

"आई बोलली काही? त्या नावेतल्या आईसारखं?"

त्याने खोटं सांगितलं असतं तर आम्ही कुणी त्याला नावं ठेवली नसती. सिनेमातली आई इतकं सुंदर बोलली होती की त्यातलं एखादं वाक्य उचलून द्यायला काहीच हरकत नव्हती.

"नाही गं," तो म्हणाला. "तिला बोलायची ताकदच नव्हती राहिली. तिने एवढंच विचारलं, पोरगी जेवली का."

"मी नव्हते जेवले," ती म्हणाली. "आत्याने डबा उघडून दिला होता, पण मी नाही जेवले."

"माहीत आहे मला."

"मग तू आईला काय सांगितलंस?"

"जेवली म्हणून सांगितलं."

मुलीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही रागावणार.

"बरं केलंस, बाबा," ती म्हणाली, आणि त्याच्या शर्टात तोंड खुपसून मोठमोठ्याने रडायला लागली. त्याने तिला उगी राहा म्हटलं नाही.