शुक्रवारची तपासणी

आमच्या घरात दर शुक्रवारी सकाळी दहा वाजता फौजेचा एक रेडिओ उघडला जायचा, आणि तो रेडिओ आमच्या घरात नव्हता.

आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेत सिग्नलचे मेकॅनिक होते. ठाण्याठाण्यांवरून खाली आलेले रिसीव्हर उघडायचे, धूळ झटकायची, स्क्रू आवळायचे, बॅटरीची टोकं घासायची, हेडफोनची वायर बोटांतून फिरवून कुठे चिरली आहे का बघायचं, आणि कार्डावर सही करून सेट पुन्हा वर धाडायचा. बिघडलेल्या सेटशी त्यांचा संबंध नसे. चांगला सेट चांगला राहावा म्हणून ही तपासणी. फौज सुटल्यावर धुळ्याकडच्या गावात मन रमेना म्हणून ते सुरतेला आले, तिथल्या पांडेसरा भागातल्या एका डाईंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन झाले आणि तिथेच म्हातारे झाले. पंचाहत्तरीनंतर त्यांची आठवण विरत गेली. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. माय म्हणाली, नाव मोठं असलं म्हणजे औषध नसतं. आणि ते तसंच निघालं.

घरात आम्ही तिघंच. लग्न मोडून मी परत आले, त्यालाही आता पंधरा वर्षं झाली. मी दुसऱ्या एका मिलच्या लॅबमध्ये शेड जुळवते. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, पाठवलेला तुकडा आणि आमच्या रंगाचा तुकडा दिव्याखाली शेजारी धरायचा आणि जुळतो की नाही ते सांगायचं. मी नाही म्हटलं की हजारो मीटर कापड अडतं, त्यामुळे मिलमध्ये माझ्यावर प्रेम करणारं कोणी नाही. स्वभावही तसाच. माय म्हणते, तुझ्या जिभेला काटा आहे.

आमच्या भागातल्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते. एरवी चोवीस तास मशिनींचा खडखडाट. तो थांबला की कानात काहीतरी भरल्यासारखं होतं. त्या शांततेतच आप्पांनी पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचलायला लावलं, बाही दुमडली आणि हवेत स्क्रूड्रायव्हर धरला.

मी आधी हसले. खोटं कशाला सांगू? पण दोन मिनिटांत हसू मावळलं. त्यांचा हात कुठेही, कसाही फिरत नव्हता. आठ स्क्रू होते. प्रत्येकाला तेवढेच वेढे, आणि शेवटचा वेढा बोटांनी. निघालेला स्क्रू ते स्टीलच्या वाटीत ठेवत आणि तो थरथरायचा थांबेपर्यंत वाट बघत. मग दोन्ही हातांनी झाकण उचलत. उचलताना त्यांच्या मानेची शीर फुगायची. झाकण ते भिंतीला टेकवून ठेवत, आणि मायने पुढच्या शुक्रवारी झाडू मारताना ती जागा वळसा घालून सोडली. मी विचारलं, तर म्हणाली, लागलं-बिगलं तर उगीच ओरडतील. ती माझ्याकडे बघत नव्हती.

एकदा त्यांनी झाकण बसवायला घेतलं आणि वाटीत बोट फिरवून म्हणाले, "एक कमी शे." झालं. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून पलंगाखाली, फ्रिजखाली, मिक्सरच्या मागे नसलेला स्क्रू शोधत होतो. अर्धा तास. मला संताप येत होता आणि तरी मी फरशीवरून तळहात फिरवत होते. शेवटी मायने शक्कल लढवली. चिमूट धरून उठली, त्यांच्यासमोर हात नेला आणि म्हणाली, "हाऊ ल्या, सापडना." हा घ्या, सापडला.

आप्पांनी घेतला. उजेडात धरला, बोटांत फिरवला आणि तिच्या तळहातावर परत ठेवला. हा आपला नाही, दुसऱ्या सेटचा आहे, असं ते शांतपणे म्हणाले. माय मूठ मिटून तशीच उभी राहिली. तो कुठे टाकावा हे तिला कळेना. शेवटी तिने तो मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवला, म्हणजे तिने तिथे मूठ उघडली.

आणखी एक सांगते, हसायचं तर हसा. मी कप उचलायला टेबलावरून आडवा हात घातला, तर आप्पांनी झडप घालून माझं मनगट बाजूला ओढलं. आत करंट आहे, हात घालू नको. त्यांचे हात गार पडले होते. शनिवारी लॅबमध्ये दिवसभर माझी बोटं मुंग्या आल्यासारखी होती. मनाचे खेळ, मी स्वतःला बजावलं. तरी शुक्रवारी पुन्हा त्या टेबलावर मी हात घातला नाही.

फौजेत कार्डावर दोन सह्या लागत, करणाऱ्याची आणि बघणाऱ्याची. आप्पांनी कार्ड मागितलं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा करून मी त्यावर रकाने आखून दिले. धूळ, स्क्रू, टोकं, वायर, आणि शेवटी ओल. करणारे ते आणि बघणारी मी. पहिले चार रकाने पटापट व्हायचे. पाचव्याला ते अडायचे. सेटच्या आत, मागच्या बाजूला, एका डबीत ओल शोषणारे दाणे असतात. ते निळे असले तर सेट कोरडा, गुलाबी झाले तर आत पाणी धरलंय. ते आप्पांना आता दिसत नव्हते. बाकी सगळं दिसायचं, तेवढं दिसायचं नाही. वाकून, डोळे बारीक करून बघत, आणि मग पुठ्ठा तसाच सोडून उठत. रकाना रिकामा.

असे चार शुक्रवार गेल्यावर त्यांनी मला विचारलं. "कोनता रंग शे?"

माझ्या हातात मोबाईल होता. सुट्टी असूनही पार्टीकडून फोटो आला होता, शेड फिकी निघाली म्हणून बोंब चालली होती. मी मान वर न करता निळा म्हणाले आणि पाचव्या रकान्यात सही ठोकली.

आप्पांनी त्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तू वाकनीच नही."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. ते मला घाबरले होते. खुर्ची मागे सरकवून ते भिंतीपर्यंत गेले आणि तिथून माझ्या हातातल्या पेनाकडे बघत राहिले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं खाणं सोडलं. मायने दिलं तर दोन घास. मी खोलीत आले की ते उठून गॅलरीत जात. चार दिवसांत त्यांच्या गालाची हाडं वर आली. मायही माझ्याशी तुटक वागू लागली, आणि माझं डोकं फिरलं. नसलेल्या डबीतल्या नसलेल्या दाण्यांचा रंग चुकला म्हणून माणूस उपाशी राहतो का, असं मी तिला तोंडावर विचारलं.

ती गच्चीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. तिने मला प्लास्टिकच्या कागदाचं एक टोक धरायला लावलं आणि बिबडे घालता घालताच सांगितलं. लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्यात आप्पांनी तिला हे एकदाच सांगितलं होतं.

तेव्हा ते डोंगराळ भागातल्या एका तळावर होते. एका दिवसात बारा सेट तपासायचे होते. अकरा झाले. बाराव्यासाठी वरच्या ठाण्याचा ऑपरेटर वर्कशॉपच्या दारात येऊन उभा होता, कोवळा, आपल्या धुळ्याकडचाच. आप्पांची त्या दिवसापासून सुट्टी लागली होती आणि खाली जाणारी गाडी हॉर्न देत होती. गावी मी जन्मले होते. बारशाला पोचायचं होतं. आप्पांनी बाहेरून फडकं मारलं, पाचही रकान्यांत सह्या केल्या आणि सेट त्याच्या हातात दिला. बघणाऱ्यानेही न बघता सही केली. तो कोण होता, ते आप्पांनी मायला सांगितलं नाही.

पुढे वर बर्फ आला. खालून सांगत होते, ठाणं सोडू नका. वर ते ऐकू गेलं नाही, की ऐकू जाऊनही तो ऑपरेटर निघाला, कोणालाच ठाऊक नाही. तो सापडला नाही आणि सेटही सापडला नाही. चौकशी झाली. कार्ड चोख होतं. आप्पांना कोणी एका शब्दाने बोललं नाही.

म्हणजे ते दाणे त्या दिवशी निळे होते की गुलाबी, हे कोणी कधी पाहिलंच नव्हतं. आप्पांच्या डोळ्यांना ते कुठून दिसणार?

मला रडू आलं नाही, आधी राग आला. माझ्या बारशाचं निमित्त कशाला मध्ये आणायचं? मी सांगितलं होतं का या म्हणून? एवढं बोलून मी कागदाचं टोक सोडलं आणि सगळे बिबडे एकमेकांना चिकटले. मायने ते एकेक सोडवले. मग म्हणाली, या शुक्रवारी नीट वाकून बघ, वेळ घे आणि निळाच सांग. बिचाऱ्याची सुटका होऊ दे. तेवढं पुण्य घे. मलाही ते पटलं. चांगल्यासाठी खोटं बोलायचं तर निदान ते कष्टाने बोलायचं.

शुक्रवारी आप्पा दहाला येतील की नाही, याची खात्री नव्हती. ते आले. माझ्याकडे न बघता बसले, स्क्रू काढले, झाकण उतरवलं. पहिल्या चार रकान्यांत मी सह्या केल्या, आणि प्रत्येक वेळी आधी वाकले. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मायची सुरी कांद्यावर चालत होती, ती थांबली. आप्पांनी उजव्या हातात टॉर्च धरला, म्हणजे मूठ वळवली, आणि मला जागा करून दिली.

मी चष्मा पुसला. वाकले. समोर टेबलाचा सनमायका होता आणि कपाने उमटवलेलं एक गोल. मी बघत राहिले. लॅबमध्ये शेड एकदाच बघत नाहीत. नजर काढायची, दुसरीकडे न्यायची, परत आणायची. तसं मी तीनदा केलं. तिसऱ्या वेळी आप्पांचा श्वास माझ्या कानाशी आला, आणि टेबलाच्या त्या बाजूला, डिसेंबरही नसताना, माझ्या चेहऱ्याला गारवा लागला. निळा हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. दोन दिवस मी तो घोकला होता.

"गुलाबी," मी म्हणाले.

का म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही. मला काही दिसलं, असा माझा दावा नाही. पण मी निळं पाहिलं नव्हतं, एवढं मला माहीत होतं. स्वयंपाकघरातून मायने नुसता श्वास सोडला. हे मी केलं काय? ज्याची त्यांना चाळीस-पंचेचाळीस वर्षं भीती होती, ते मीच त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. आता हा माणूस इथेच कोसळणार, असं मला वाटलं.

आप्पांनी मूठ सोडली. मान हलवली, मिलमध्ये फ्यूज उडाल्याचं कारण सापडल्यावर हलवायचे तशी. मग कित्येक दिवसांनी माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "मंग हाऊ सेट वर धाडू नको."

मी पेन खाली ठेवलं. पाचव्या रकान्यात सही करायची नव्हती.

"त्याले सांग," आप्पा दाराकडे हात करून म्हणाले, "आज जानं नही."

मी उठले. दार उघडंच होतं. बाहेर जिना, शेजाऱ्यांच्या चपला, कठड्यावर वाळत टाकलेला टॉवेल. मी उंबऱ्यात उभी राहिले. त्याला अरे म्हणावं की अहो, हेही मला कळेना. माझ्या जन्माच्या वेळी तो विशीतला होता, आणि आज मी त्याच्या आईच्या वयाची होते. शेवटी मी हळू आवाजात सांगितलं, सेट ओला आहे, आज वर जायचं नाही, आत येऊन बस. हे मी खरोखर बोलले. समोरच्या घरातली बाई डोकावली आणि आत गेली.

परत आले तेव्हा आप्पांनी विचारलं, तो काय म्हणाला. बरं म्हणाला, असं मी सांगितलं. ते त्यांना पुरलं. त्यांनी चहा मागितला, आणि माझ्या हातून घेतला.

त्यानंतर ते टेबलापाशी कधी बसले नाहीत. पुढच्या शुक्रवारी मी दहाच्या आधी टेबल रिकामं केलं, खुर्ची ओढून ठेवली, पुठ्ठा काढून ठेवला. आप्पा गॅलरीत ऊन खात बसले होते. त्यांना काही आठवत नव्हतं, बोलावलं तर माझ्याकडे बघून छान हसले. माय म्हणाली, सुटले ते. मलाही हायसं वाटायला हवं होतं. पण सव्वादहा झाले, साडेदहा झाले, आणि मला बसवेना. मी दारापर्यंत जाऊन आले. मग पुन्हा एकदा गेले आणि त्याला बसायला म्हणून एक पाट आत भिंतीशी मांडून ठेवला.