चाळीसवरचा काटा
राजापेठेतल्या दुकानात नव्या टायरचा वास आला आणि बाबांची जीप आठवली. काटा चाळीसच्या वर गेला की आई ओरडायची, म्हणून बाबांनी मापापेक्षा मोठे टायर बसवले. मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं, काटा मात्र फेऱ्याच मोजतो. जीप पंचेचाळीसनं पळायची, काटा चाळीसवरच. बाबा गालात हसायचे. पुढे अमरावतीच्या डॉक्टरांनी 'आता घरीच न्या' म्हटलं, त्या दिवशी आईला चांदूर रेल्वेला परत नेताना ती काट्याकडे बघत म्हणाली, "मोठ्या टायरचं मले पयलेपासून मालूम हाये. आज तरी खरंच चाळीसनं चालवा. घाई कायची हाये?" बाबांनी काटा पस्तीसवर आणला. तरी चांदूर आलंच. दुकानदार विचारत होता, "मोठे टाकू का?" कोणासाठी टाकणार? काट्याकडे बघणारं आता कोणी नाही.