एकशे सत्तावीस शाली आणि एक कोट

नांदेडात तरोडा नाक्याच्या आतल्या अंगाला एक कॉलनी आहे. हिवाळ्यात सकाळी सहाच्या सुमारास तिथून एक बाई फिरायला निघते. अंगावर सहावारी साडी, पायात नातवानं टाकून दिलेले बूट आणि साडीवर गुडघ्यापर्यंत येणारा, कोयऱ्यांच्या काठाचा तपकिरी लोकरी कोट. कोटाला दोन खोल खिसे. एकात घराची किल्ली आणि मोबाईल, दुसऱ्यात कॉलनीतल्या कुत्र्यांसाठी दोन खडे. बाईंचं नाव सिंधुबाई. कोट त्यांनी घरी शिवला आहे, आणि सन्मानाचा इतका चांगला उपयोग जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

सन्मान त्यांचा नव्हे, त्यांच्या यजमानांचा. आप्पासाहेब बिलोली तालुक्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. नोकरीत असताना त्यांच्या हातून सत्कार करण्याजोगं काही घडलं नाही. निवृत्त झाले आणि सत्कार सुरू झाले. निवृत्त मुख्याध्यापक हा कुठल्याही कार्यक्रमाला सोयीचा माणूस असतो. त्याच्याकडं वेळ भरपूर, सदरा पांढरा आणि भाषण कोणत्याही विषयावर तेच. वाचनालयाचा वर्धापनदिन, रक्तदान शिबिर, अर्धापुरात केळी परिसंवाद. आप्पासाहेब सगळीकडं गेले आणि प्रत्येक ठिकाणाहून शाल, श्रीफळ आणि फेटा घेऊन घरी आले. श्रीफळाची चटणी व्हायची. फेटा आणि शाल पत्र्याच्या ट्रंकेत जायची.

ट्रंकेतली शाल पांघरायची नसते, असा आप्पासाहेबांचा दंडक होता. "ती वस्त्र नव्हे, भावना आहे," ते म्हणायचे. त्यामुळं पलंगाखाली भावनांच्या दोन ट्रंका आणि पलंगावर एका विटक्या गोधडीखाली दोन म्हातारी माणसं कुडकुडत, अशी त्या घरातली थंडीची व्यवस्था होती.

सिंधुबाईंच्या कपड्यांचा इतिहास याहून लहान आहे. लग्न होऊन त्या बिलोलीला आल्या तेव्हा शिंप्यानं झंपरासाठी माप मागितलं. सुनेच्या अंगाला टेप लावणं घरात कोणाला रुचेना, म्हणून जाऊबाई रुक्मिणबाईंचं जुनं झंपर मापाला गेलं. पुढच्या खेपेला ते नवं झंपर मापाला गेलं, त्याच्या पुढं त्याच्यावरून शिवलेलं. शिंपी बदलले, गाव बदललं, माप तेच राहिलं. बाही दंडात काचायची, मुंढ्याखाली ओढ बसायची. आपलं अंगच जरा वाकडं असावं, अशी सिंधुबाईंची समजूत झाली आणि त्या समजुतीवर त्यांनी चाळीस वर्षं काढली.

मग शेजारी नीलम्मा राहायला आली. मूळची देगलूरकडची, पाच घरांची शिवणकामं करणारी, तोंडानं फटकळ. तिनं एक दिवस सिंधुबाईंच्या पाठीला टेप लावला, झंपर बघितलं, पुन्हा टेप बघितला.

"अक्का, हे झंपर कुणाचं गं?"

"माझंच की."

"न्हाई. ही कुणी दुसरीच बाई हाय. तुझ्यापरीस बुटकी अन् खांद्यानं आखूड."

साठीच्या तोंडाशी आलेल्या सिंधुबाईंना त्या दिवशी कळलं, की आपण जन्मभर जाऊबाईंच्या अंगात राहत आलो. जाऊबाई तशाही फारशा प्रशस्त स्वभावाच्या नव्हत्या.

माहेरहून आलेली पायमशीन घरात होतीच. तिच्यावर आधी रद्दी असायची, नंतर सन्मानचिन्हं आली. सिंधुबाईंनी सन्मानचिन्हं खाली फरशीवर उतरवली, मशीनला तेल दिलं आणि कापडासाठी ट्रंक उघडली. साबणाच्या झिजलेल्या वडीनं खुणा करून पहिल्या शालीला कात्री लावण्याआधी त्यांनी देवापुढं दिवा लावला म्हणतात. दुसऱ्या शालीच्या वेळी लावला नाही. नऊ मीटरच्या फेट्यात दोन परकर निघून वर उशीचा अभ्रा निघतो, हा शोधही त्याच आठवड्यातला. सहा हिवाळ्यांत गोधड्या झाल्या, झंपरं झाली, मिक्सरची टोपी झाली, आप्पासाहेबांना हिरवी बंडी झाली. आप्पासाहेबांनी ती आवडीनं घातली आणि कापड कुठलं, हे विचारलं नाही. घरातल्या वस्तू कुठून येतात, हे विचारायची त्यांना सवय नव्हती.

लातूरची शाल तेवढी वेगळी होती. एका कोचिंग क्लासवाल्यानं आप्पासाहेबांना 'ज्ञानयोगी' ठरवून ती दिली होती. पदवीचं सोडा, शाल खरी होती. एकशे सत्तावीस शालींत लोकरीची ही एकच. बाकीच्या बोटाला चिकटणाऱ्या दोऱ्याच्या. तिचा सिंधुबाईंनी स्वतःच्या मापानं कोट शिवला. अस्तर फेट्याचं, शिलाई दुहेरी, खिसे हवे तेवढे खोल. तो घालून त्या पहिल्यांदा एकट्या गोदावरीच्या घाटापर्यंत जाऊन आल्या. त्याआधी किल्ली आप्पासाहेबांच्या खिशात असायची, म्हणून फिरणंही त्यांच्याच वेळेला व्हायचं.

संकट आलं ते आप्पासाहेबांच्या पंच्याहत्तरीनं. त्यांचा विद्यार्थी भारत हा सेहेचाळिसाव्या वर्षी युवा नेतृत्व होता आणि महापालिकेच्या निवडणुकीकडं डोळे लावून बसला होता. तो घरी आला, पाया पडला, पडल्याचा फोटो काढून घेतला आणि म्हणाला, "सर, डोक्यात एक आयड्या हाय. तुमच्या सगळ्या शाली स्टेजमागं लटकवायच्या. खाली चिठ्ठी, कुठल्या गावानं दिली ती. लोकायनी बघितलं पाह्यजे सर म्हणजे काय चीज हाय!"

सरांना आपण काय चीज आहोत हे बघायची फार हौस होती. भारत गेल्यावर त्यांनी ट्रंका ओढल्या. पहिलीत नुसत्या डांबराच्या गोळ्या होत्या. दुसरीत अकरा शाली.

"कुठं गेल्या?"

"घरातच हायत," सिंधुबाई म्हणाल्या.

"हा माझ्या सार्वजनिक जीवनाचा खून आहे!"

"सार्वजनिक जीवन तुमच्या अंगात हाय. बंडी उलटी करून बघा."

आप्पासाहेबांनी बंडी उलटी केली. पाठीवर आतल्या अंगानं 'सस्नेह भेट' असं छापलेलं होतं. पाच वर्षं तो स्नेह त्यांच्या पाठीला लागून होता, पण त्यांनी तो ओळखला नव्हता.

त्यांनी फर्मान काढलं. सगळं उसवायचं, आणि सुरुवात लातूरच्या शालीपासून. "बाकीच्या गेल्या तर गेल्या. ज्ञानयोगी गेला तर मागं काय राहतं?"

"कोट न्हाई उसवणार," सिंधुबाई म्हणाल्या. संसारात त्यांनी 'न्हाई' हा शब्द भाजीवाल्याशी पुष्कळदा वापरला होता. घरात ही पहिलीच वेळ. आप्पासाहेबांना तो ऐकू आला नसावा. कारण दुसऱ्या दिवशी सिंधुबाई न्हाणीतून बाहेर आल्या तेव्हा ते दाढीचं ब्लेड घेऊन कोटाशी बसले होते. दुहेरी शिलाईचं टोक त्यांना सापडत नव्हतं. खिशाजवळ तेवढी बोटभर उसवली होती.

"ठिवा ते ब्लेड."

आप्पासाहेबांनी ठेवलं. सिंधुबाईंच्या हातात मशीनवरून उचललेली कात्री होती. ती नेहमीच असायची, पण आज ती आप्पासाहेबांच्या नजरेत भरली.

"आता माझं आयका. शाली पाह्यजेत ना? चला बाजारात."

सत्काराच्या सामानाचं दुकान कुठं असतं, हे आप्पासाहेबांना ठाऊक नव्हतं. सत्कार थेट समाजाच्या हृदयातून येतो असं ते धरून चालले होते. नीलम्मानं दोघांना रिक्षात घालून नेलं. दुकानात छतापर्यंत शालींचे गठ्ठे होते. किरमिजी, हिरव्या, मोतिया. तीच कोयरी, तोच काठ, गठ्ठ्यावर तोच 'सस्नेह भेट'. गल्ल्यावरच्या पोरानं विचारलं, "किती द्यायच्यात? राजकीय हाय का शैक्षणिक?"

आप्पासाहेब बराच वेळ गठ्ठ्यांकडं बघत राहिले. कोणालाही वाटलं असतं, की आता या माणसाला काहीतरी उमगेल. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "शैक्षणिक. एकशे सोळा."

अडलं फक्त लातूरच्या शालीपाशी. तपकिरी मिळाली, पण ती लोकरीची नव्हती. आप्पासाहेबांनी ती चिमटीत धरली. "ही ती नव्हे. कोट उसवावाच लागेल."

"मग उसवा," सिंधुबाई म्हणाल्या. "अन् स्टेजवर माझा बी सत्कार हाय ना जोडीनं? माईक आला की मी सांगते शाली कुठून आणल्या ते. दुकानाचं नाव बी सांगते, त्याचा बी धंदा होईल."

नीलम्मा फस्सकन हसली. आप्पासाहेबांनी तपकिरी शाल घ्यायच्या गठ्ठ्यावर ठेवली.

रिक्षात सिंधुबाई एकेका शालीवरचं दुकानाचं लेबल खरवडून खिशात टाकत होत्या. घरी आप्पासाहेबांनी वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या, आणि लिहिता लिहिता एक गंमत झाली. ते एक शाल उचलायचे, थबकायचे आणि म्हणायचे, "ही अर्धापूरची. काय गर्दी होती त्या दिवशी!" विसाव्या चिठ्ठीपर्यंत ते दुकान विसरले होते. पन्नासाव्याला डोळे पाणावले.

कार्यक्रम एका लॉनवर झाला, डिसेंबरच्या संध्याकाळी. भारतनं आप्पासाहेबांना एकशे अठ्ठाविसावी शाल पांघरली आणि सतरा फोटो काढून घेतले. आप्पासाहेबांनी नेहमीचं भाषण केलं आणि शेवटी मागं वळून तपकिरी शालीवर हात ठेवला. "ही लातूरची. अस्सल लोकर! आज इतक्या वर्षांनी हात लावला तरी तीच ऊब." टाळ्या झाल्या. बोलताना त्यांचे दात थंडीनं वाजत होते. ते गहिवरले, असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. स्टेजवरच शेजारच्या खुर्चीत कोट घालून बसलेल्या सिंधुबाईंना काही वाजत नव्हतं. खिशाची बोटभर शिलाई त्यांनी सकाळीच घातली होती, आधीपेक्षा पक्की.

भारतनं घाईत त्यांच्या हाती माईक दिलाच. सिंधुबाई उठल्या, खिशात हात घालून उभ्या राहिल्या, बोटांनी लेबलांची चळत चाचपली आणि म्हणाल्या, "जेवण तयार हाय. समद्यांनी जेवून जावा."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बूट घालत होत्या, तेव्हा आप्पासाहेब गोधडीतून उठून आले. हातात तपकिरी शाल होती.

"अगं, काल फार गारठलो. या लातूरच्या शालीची मला बंडी शिवून दे. लोकर आहे, ऊब राहील. माप घेतेस का?"

सिंधुबाईंनी शालीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. चेष्टा नव्हती. माणूस मनापासून बोलत होता.

"माप कशाला? जुनी बंडी हाय की मापाला," त्या म्हणाल्या. कोटाची बटणं लावली, खिशात किल्ली आहे का बघितली आणि घाटाकडं निघाल्या.