सरकट्याचे तीन ड्रम

ज्ञानदेव सरकटे आमच्या वऱ्हाडातल्या मेहकराकडचा. त्याचं गाव माझ्या गावापासून दोन कोसांवर, आणि पुण्यात बिबवेवाडीत त्याचं घर माझ्या डोक्यावर. मी दुसऱ्या मजल्यावर, तो तिसऱ्या. तीस वर्षं त्यानं फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर काढली. लालबुंद लोखंड सांडशीत धरायचं अन् हॅमरखाली सरकवायचं. त्यामुळे दंड उखळासारखे, मिशा कानाकडं वळलेल्या, आणि आवाज मशीनच्या वर जाईल असा. तो बोलायला लागला की सोसायटीतली माणसं दोन पावलं मागं सरतात. त्यांना वाटतं भांडतोय. तो चहाला बोलावत असतो.

कारखान्यातून सुटल्यावर चार महिने तो घरात बसला आणि गोदाबाईच्या स्वयंपाकात खुसपटं काढत राहिला. मग एक दिवस ओट्याखालची बादली बाहेर जाताना त्याला दिसली. कांद्याची टरफलं, मेथीच्या काड्या, केळीची सालं.

"गोदा, हे खत हाये. आपण खत टाकून देऊन रायलो."

"मंग काय देव्हाऱ्यात ठेवू?" गोदाबाई म्हणाली.

आठवड्याभरात त्यानं भंगारातून तीन निळे ड्रम आणले, त्यांना भोकं पाडली आणि गच्चीच्या कोपऱ्यात विटांवर मांडले.

आता इथं एक अडचण होती. आमच्या गावाकडं गुडघाभर शेणखतात उभ्या असलेल्या गड्याला कुणी हसत नाही. उलट उकिरड्यातून किती गाड्या खत निघालं, यावर त्याचा मान. पण तेच खत पुण्यात स्वयंपाकघरातून निघालं की बायकी होतं. आमच्या सोसायटीतल्या पुरुषांना पर्यावरणाची काळजी नाही असं कुणी म्हणू नये. रविवारी गेटपाशी उभे राहून ते खडकवासल्यात किती पाणी उरलं, टेकडी कुणी खाल्ली, नदीचं काय झालं, सगळं बोलतात. मात्र पर्यावरण धरणापाशी असेल तर पुरुषांचं, ओट्याखाली आलं की बायकांचं. कचरा न्यायला येणारी बाईसुद्धा दार गड्यानं उघडलं तरी "ताई, कचरा" असंच म्हणते.

ज्ञानदेवानं त्यावर मार्ग काढला. सालं कारखान्यातल्या हत्यारांच्या लोखंडी पेटीत भरायची, पेटी घेऊन वर जायचं, आणि कुणी विचारलं तर व्यायामाला चाललो म्हणायचं. तासाभरानं तो घामानं निथळत खाली यायचा. चौथ्या मजल्यावरचा माधव कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो आणि पैसे भरून जिममध्ये जातो. तो एकदा जिन्यात म्हणाला, "काका, शोल्डर्स काय जबरदस्त झालेत. कुठला सेट मारता?"

"देशी हाये," ज्ञानदेव म्हणाला. "सांगता येत नाई."

ड्रम कुणाचे, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. ड्रममध्ये कचरा, म्हणजे ते गोदाबाईचे. सोसायटीतल्या बाया कौतुकानं तिला विचारू लागल्या, "गोदाबाई, खत कसं हो करता?"

गोदाबाईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती ड्रमकडं फिरकतही नव्हती. पण पुण्यात येऊन तिला तीस वर्षं झाली होती, आणि तिच्या बोलण्याला लोक नुसते हसले होते. सल्ला पहिल्यांदाच मागत होते. नाही कसं म्हणणार? तिला जे येत होतं ते तिनं सांगितलं. तिला आंब्याचं लोणचं येत होतं.

"बारीक चिरायचं. मूठमूठ मीठ लावायचं. दाबून दाबून भरायचं. वरतून फडकं बांधून झाकण घट्ट. अन् पंधरा दिवस हात नाई लावायचा. मुरलं पायजे."

तीन बायांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्यातल्या एक मंदाकिनीताई आगाशे, आमच्या अध्यक्षांच्या मंडळी.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात इमारतीला वास सुटला. साधा नाही. लिफ्टचं दार उघडलं की आधी वास बाहेर पडायचा, मग माणूस.

अध्यक्ष श्रीधर आगाशे मूळचे नारायण पेठेतले, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी जिन्यात पाटी लावली: 'गच्चीवरील ड्रमांमुळे इमारतीत दरवळणाऱ्या सुगंधाचा सर्व सभासदांनी पुरेसा आनंद घेतला आहे. रविवारपर्यंत ड्रम न हलवल्यास सोमवारी ते भंगारवाल्यास देण्यात येतील. आभार मानू नयेत.'

पाटी वाचून ज्ञानदेव माझ्याकडं आला आणि खुर्चीत बसलाच नाही. "तीन महिने झाले बावा. पयला ड्रम आता कुठं पिकून रायला. माह्या ड्रमाले वासच नाई. चाल, नाक लावून पाय."

मी नाक लावून पाहिलं. खरंच तसला वास नव्हता. पण हे आगाश्यांना कोण सांगणार? ज्ञानदेवानं सांगायचं तर ड्रम आपले आहेत हे कबूल करावं लागलं असतं, आणि तो हॅमरखाली हात द्यायला तयार झाला असता, पण तेवढं नाही.

तेव्हा मला एका संस्थेची खताची स्पर्धा सापडली. त्यांचे परीक्षक घरी येऊन ड्रम तपासत आणि प्रमाणपत्र देत. आगाश्यांपुढं मी ते मांडलं. ते म्हणाले, "स्पर्धक उत्तीर्ण झाला तर ड्रम राहतील. नाही तर सोमवार आहेच. लेखी देतो." आणि दिलं.

फॉर्मवर पहिलाच रकाना होता: 'गृहिणीचे संपूर्ण नाव'. ज्ञानदेवानं सुटकेचा श्वास टाकला आणि गोदाबाईचं नाव लिहिलं. मग दोन दिवस तिची शिकवणी चालली.

"एक थर ओला, दोन थर सुका पाला. आठ दिवसानं वरखाली."

"मले थर शिकवता? अजी, तुमची शंकरपाळी कोण लावते डब्यात?"

रविवारी सकाळी उत्कर्षा नावाची परीक्षक मुलगी आली. पहिल्या मजल्यावर ती थांबली, नाकाला रुमाल लावला, आणि वर आली. गच्चीवर पुरुष पुढं उभे होते, ड्रमांचा शेवट पाहायला. बाया मागं.

ज्ञानदेवानं झाकण काढलं. आत काळं, भुसभुशीत, नांगरटीनंतर रानाला येतो तसा वास. उत्कर्षानं मूठभर हातात घेतलं आणि खूश झाली. "काकू, अमेझिंग आहे. कसं केलंत?"

गोदाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं, आणि दोन दिवसांची शिकवणी कुठल्या कुठं गेली. "बारीक चिरायचं," ती म्हणाली. "मूठमूठ मीठ लावायचं."

"मीठ?"

"मीठ नसलं त टिकन कसं?"

"अहो काकू, मिठानं आतले जिवाणूच मरतात. मग ते नुसतं सडतं."

मागून मंदाकिनीताईंचा आवाज आला. "म्हणजे? मी गॅलरीतल्या बादलीत अख्खा पुडा घातलाय."

सगळ्यांनी आगाश्यांकडं पाहिलं. त्यांची गॅलरी पहिल्या मजल्यावर. आगाश्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काकू, जरा हलवून दाखवता?" उत्कर्षानं शेवटची संधी दिली. गोदाबाईनं पदर नाकाला लावला आणि फावडं उलथन्यासारखं दोन बोटांत धरलं. वरवर खरवडलं.

तेवढं मात्र ज्ञानदेवाला बघवलं नाही. "दे इकडं," म्हणून त्यानं फावडं घेतलं, बुडापर्यंत घातलं आणि ड्रम तळापासून पालथा करत आणला. करता करता बोलतही राहिला. ओल किती पाहिजे, मुठीत दाबलं की एखादाच थेंब कसा यावा, पाला नसला तर लाकडाचा भुसा कसा चालतो. पाच मिनिटांनी थांबला तेव्हा तो घामानं निथळत होता.

"काका," माधव म्हणाला, "म्हणजे तो देशी सेट हा?"

आगाश्यांना आता सूर सापडला होता. "सरकटे, अभिनंदन. परंतु स्पर्धक आपल्या पत्नी आहेत, आणि त्यांनी खताचं लोणचं घातलंय. त्या अनुत्तीर्ण. भंगारवाला उद्या दहाला येईल."

"मी स्पर्धकाचं नाव बदलू शकते," उत्कर्षा म्हणाली. "पण फॉर्म हाच आहे. गृहिणी एवढंच छापलंय. दुसरा ऑप्शन नाही."

"मग प्रश्न सोपा आहे," आगाशे म्हणाले. "सरकटे, आपण गृहिणी आहात का?"

पुरुषांच्या रांगेत कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. ज्ञानदेवानं मिशीवरून हात फिरवला. हाताला खत होतं, ते मिशीला लागलं. त्यानं पहिल्या ड्रमात पाहिलं. अजून पंधरा दिवसांचं काम होतं त्यात.

"लिवा," तो म्हणाला. "गृहिणी, ज्ञानदेव किसन सरकटे. वय अठ्ठावन्न. सही कुठं करू?"

आता मात्र सगळेच हसले. गोदाबाई पुढं झाली. "हसू नका. अन् पोरी, तू बी नीट लिवून घे. घरात हे प्यालेलं भांडं उचलत नाईत. ड्रमापुरतेच गृहिणी हायेत."

उत्कर्षानं तिथंच प्रमाणपत्र भरलं. आगाश्यांनी ते दोनदा वाचलं. "ड्रम राहतील," ते म्हणाले. "गच्चीवरून वास येत नाही हे मला मान्य आहे."

"गॅलरीतून येतो, तेही मान्य करा," मंदाकिनीताई म्हणाल्या. "आणि ती बादली खाली कोण नेणार तेही सांगा."

ती बादली आगाश्यांनीच खाली नेली. जिन्यानं नेली, लिफ्टमध्ये माणसं होती म्हणून.

बुधवारी मी वर गेलो तेव्हा ज्ञानदेवाच्या दारात माधव उभा होता. हातात बादली, बादलीवर जिमचा टॉवेल. "काका, आमचा ओला कचरा," तो हळूच म्हणाला. "बायकोच्या नावानं घ्या ना. माझं कुठं सांगू नका."

ज्ञानदेवानं बादली घेतली नाही. टॉवेल उचलून त्याच्या खांद्यावर टाकला. "वरती चाल. फावडं मोकळंच हाये," तो म्हणाला, आणि त्याच्या त्या आवाजात म्हणाला, त्यामुळे खालच्या दोन्ही मजल्यांवरची दारं उघडली.