ठाणेदाराचा पोळा

२८ ऑगस्ट १९८४, मंगळवार. सकाळपासून उघाड. काल गोटमार झाली, गल्लीत अजून दगड पडलेले आहेत. गाय चारा खात नाही म्हणून सौंसरच्या जनावरांच्या डॉक्टरांना निरोप धाडला. शेजारच्या गुणवंताच्या घोड्याचा मागचा डावा पाय रात्रीतून सुजला आहे, तो जमिनीला टेकवत नाही. कलाबाई दोनदा येऊन गेली, एकदा हळद न्यायला आणि एकदा नवऱ्याला शिव्या द्यायला.

सुशीलाबाईंनी सकाळी डायरीत एवढेच लिहिले. पुढचे त्यांना कुंपणावरून दिसले, ऐकू आले, आणि जे राहिले ते गुणवंताच्या बायकोने, कलाबाईने पुरवले.

घोड्याचे नाव ठाणेदार. गुणवंताने ते कौतुकाने ठेवले आणि गावाने अनुभवाने कायम केले. पोट सुटलेले, चाल संथ. चहाच्या प्रत्येक टपरीसमोर तो न सांगता थांबायचा आणि तोंडात काही पडल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. ज्याला घाई असे तो स्टेशनावरून पायी जाई. गुणवंताच्या टांग्यात बसणारा माणूस बहुधा गाडी चुकलेलाच असे.

गुणवंताला मात्र या घोड्यापुढे जग तुच्छ. त्याचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबला. पोळा आला की दुसऱ्याचे बैल धुवायचे, शिंगांना बेगड लावायची, पाठीवर झूल चढवायची आणि तोरणाखाली नेऊन उभे करायचे. मग टिळा बैलाला, मान मालकाला, आणि शेण उचलायला गुणवंताचा बाप. ठाणेदार हे या घरातले पहिले जनावर, ज्याला आपले म्हणता येत होते. म्हणून यंदा गुणवंताने ठरवले, आपल्याही दारी पोळा होणार.

शनिवारी संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, तर याने घोड्याच्या खांद्याला हळद आणि तूप चोळले. हात जोडून रीतीप्रमाणे म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ठाणेदाराने हे आमंत्रण ताबडतोब मान्य केले. आमंत्रण नाकारल्याची त्याची कुठेही नोंद नव्हती.

रविवारी गुणवंता त्याला घेऊन तोरणाकडे गेला. शिंगे नसल्यामुळे बेगड कानांना चिकटवली होती. तोरणाखाली संत्र्याचे बागवाले पुंडलिकराव पांढऱ्याशुभ्र धोतरात उभे होते. गावातल्या प्रत्येक गोष्टीत त्यांचे मत असायचे, आणि मागावे लागायचे नाही.

"गुणवंता, हे काय आनलं बे?"

"पोळ्याले आनलं जी. वर्षभर ओझं ओढते, तोही कामाचाच जीव हाय."

"पोळा बैलाचा असते. याले शिंगं तरी हायेत का?"

"शिंगं तर तुमालेही नाईत, पुंडलिकराव. तुमी उभे हाच ना तोरनाखाली?"

लोक पोट धरून हसले. पण हसून झाल्यावर घोड्याला परतच पाठवले. विनोद गुणवंताचा झाला, तोरण पुंडलिकरावांचे राहिले.

घरी येऊन गुणवंताने दार लावून घेतले आणि अपमानाचा सगळा हिशेब ठाणेदाराच्या पोटात चुकता केला. पुरणपोळ्या झाल्या, भिजवलेले चणे झाले, वर गूळ झाला. कलाबाई म्हणाली, "एखांदी पोळी मलेही ठेवा." तर म्हणतो, "तू कुठं टांगा ओढते?" सोमवारी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दरवर्षीच्या गोटमारीमुळे रस्ते बंद. इकडून पांढुर्णा आणि तिकडून सावरगाव, मध्ये जाम नदी, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. ठाणेदार खुंट्याला उभा राहून उरलेले पुरण खात होता. अख्ख्या गावात त्या दिवशी तेवढा एकच जीव सुखात होता.

मंगळवारी सकाळी तो सुखाबाहेर आला. पाय मांडीपासून खुरापर्यंत केळीच्या खांबासारखा झाला होता. अंग तापलेले, मान खाली. हात लावला की तो थरथरायचा आणि पाय वर उचलून धरायचा.

गुणवंताच्या तोंडचे पाणी पळाले. त्याला वाटले, अशक्तपणा आला असेल. म्हणून त्याने आणखी चणे पुढे केले.

पुंडलिकराव पाहायला आले. वैर वेगळे आणि सल्ला वेगळा. "वात हाय," ते म्हणाले, "डाग द्या." डाग देणारे रामाजीही मागोमाग आलेच. गुडघा दुखो की डोळे येवोत, जनावराला तापलेल्या सळईने चटका द्यायचा, हे त्यांचे एकमेव औषध, आणि ते कधी संपत नसे. दुपारी सळई तापवतो, असा त्यांनी शब्द दिला.

दुपारी डॉक्टर सुशीलाबाईंची गाय पाहून निघाले होते. कलाबाईने त्यांना फाटकातच गाठले आणि जवळजवळ ओढत आपल्या अंगणात आणले. डॉक्टर तरुण, सौंसरचे, घाईत. त्यांनी ताप पाहिला, खूर चाचपले, पाय दाबला.

"तीन-चार दिवसांत खायला काय दिलं?"

गुणवंताने अंगणात जमलेली माणसे पाहिली. त्यात पुंडलिकराव होते. घोड्याला पुरणपोळ्या चारल्या, हे त्यांच्यादेखत सांगायचे? पुढच्या पोळ्यापर्यंत गावाला दुसरा विषय लागला नसता.

"नेहमीचंच जी. कडबा."

"काम?"

"नेहमीचंच."

डॉक्टर गोंधळले. "मग काल गोटमारीत दगड तर लागला नाही?"

गुणवंताला ही वाट आकाशातून पडल्यासारखी वाटली. "हो जी! लागला असंल. लागलाच."

झाले. अंगणाचे रूपच पालटले. ठाणेदार गोटमारीचा जखमी! असा मान आजवर कोणत्याही घोड्याला मिळाला नव्हता. पुंडलिकराव पुढे सरकून म्हणाले, "मी माह्या डोयानं पाह्यलं. सावरगावकडून आला गोटा, असा नारयाएवढा." वास्तविक ते काल दिवसभर घराचे दार लावून आत बसले होते. पण मताप्रमाणेच साक्षही ते न मागता देत.

डॉक्टरांनी सांगितले, "मग हाडाला तडा असू शकतो. अजिबात हलवू नका. जागेवर ठेवा, ताकदीचं खाऊ घाला." इतके बोलून ते सुशीलाबाईंच्या ओट्यावर हात धुवायला गेले, आणि बाईंनी त्यांना चहाला बसवून घेतले.

गाव दर्शनाला लोटला. कुणी गूळ आणला, कुणी चणे. सावरगावच्या नावाने दोन-चार आरोळ्याही झाल्या. परवा घोड्याला तोरणाखालून हाकलणारी माणसे आज त्याच्या कपाळाला गुलाल लावत होती. गुणवंता छाती काढून उभा होता. बापाला जन्मात मिळाला नाही तो मान अंगणात चालून आला होता, आणि त्याची किंमत म्हणून फक्त घोडा मरणार होता.

ठाणेदाराने गूळ हुंगला आणि तोंड फिरवले.

गुणवंताची छाती तिथेच बसली. खाण्याला नाही म्हणणारा ठाणेदार त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. कोपऱ्यात रामाजीची सळई लाल होत होती.

कलाबाई त्याच्या कानाशी आली. "दगड लागला म्हन्ता ना? मंग दाखवा न जखम. खरचटलं तरी हाय का कुठं?"

"चूप राह्य."

"मी चूपच हाव. घोडाही चूप हाय. तोंड असतं त त्यानंच सांगतलं असतं, का याच्या इज्जतीपायी मी मरून राहिलो."

रामाजीने सळई उचलली. ठाणेदाराने दुखरा पाय वर घेतला आणि गुणवंताकडे पाहिले. टपरीसमोर पाहायचा तसेच, अगदी विश्वासाने.

"थांबा रामाजी!" गुणवंता मध्ये आला. "डॉक्टरसाहेब, ओ डॉक्टरसाहेब! गोटा नाई लागला जी. मी त्याचा पोळा केला."

डॉक्टर चहा टाकून कुंपणापाशी आले. "काय केला?"

"पोळा. आवतन देल्लं. तीन दिवस खुट्याले बांधून पुरनपोळी, चने, गूळ. रविवारी, कालही. आज सकाळीसुद्धा चने देल्ले."

अंगणात असा हशा उसळला की सळई धरलेल्या रामाजीलाही ती खाली ठेवावी लागली. पुंडलिकरावांनी डोळे पुसले. "तरी मी म्हनतच होतो," ते म्हणाले. काय म्हणत होते, ते कुणी विचारले नाही.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते कुंपण ओलांडून आले आणि त्यांनी पिशवीतून सुई काढली. "अहो, हे आधी नाही का सांगायचं? रोज राबणाऱ्या घोड्याला नुसतं उभं ठेवून असा खुराक दिला की पाय असाच सुजतो. साहेब लोकांचे घोडे रविवारी आराम करायचे आणि सोमवारी त्यांना हे व्हायचं, म्हणून इंग्रजीत याला सोमवारचा आजारच म्हणतात."

"आपल्याकडं मंगळवारी आला," कलाबाई म्हणाली. "सोमवारी गोटमार होती ना."

डॉक्टरांनी सुया टोचल्या. चणे बंद, गूळ बंद, नुसते सुके गवत. दुखणे थोडे उतरले की हळूहळू चालवायचे, पायावर गार पाणी सोडायचे. डाग अजिबात नाही. रामाजी फार उदास झाले. तापलेली सळई वाया गेली.

उन्हे कलल्यावर गुणवंताने दोर सोडला. नदी घरामागेच होती. ठाणेदाराने पाय टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. एकेका पावलाला तो थांबे आणि गुणवंता त्याच्या मानेवर हात ठेवून उभा राही. काठावर कालचे दगड विखुरलेले. गुणवंता वाकून एकेक दगड बाजूला सारत होता आणि घोडा त्या मोकळ्या वाटेने उतरत होता. पुलावरून लोक ओरडत होते, "पोळा निघाला वो, पोळा निघाला! गुणवंता, बेगड कुठं गेली?"

"तुह्या बायकोनं नेली बांगड्याले!" तो वर न बघताच ओरडला.

पाण्यात उभे राहिल्यावर ठाणेदाराने लांब श्वास सोडला आणि बऱ्याच वेळाने चारही पायांवर भार दिला. गुणवंता ओंजळीने त्याच्या पायावर पाणी टाकत राहिला. कुणी काय ओरडते, ते मग त्याने ऐकले नाही. परतताना पाऊल थोडे सरळ पडत होते. वाटेत पहिली टपरी लागली. ठाणेदार थांबला. टपरीवाल्याने सवयीने बिस्कीट काढले.

"ठेव ते!" गुणवंता गरजला.

ठाणेदाराला हा अन्याय समजला नाही. तो पाय बरा होईपर्यंत समजला नाही, आणि नंतरही. तो पाय पुढे कायम किंचित जाडच राहिला. अनोळखी उतारूने विचारले की गुणवंता सांगे, गोटमारीत दगड लागला. कलाबाई जवळपास असली की मागून खोकत असे.

त्या संध्याकाळी सुशीलाबाईंनी सकाळच्या नोंदीखाली लिहिले: गाय थोडी खाऊ लागली. गुणवंताचा स्वतःवर भरवसा नाही म्हणून कलाबाईने चण्यांची पिशवी आणि गुळाची भेली आमच्या कोठीत आणून ठेवली. कुलूप लावले. किल्ली मोरावळ्याच्या बरणीमागे.