चावीच्या आधीचं दीड वर्ष

कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये, म्हणजे लेथच्या विभागात, टर्नरची वर्षं चावीपासून मोजत. लेथ म्हणजे लोखंड फिरवत कापायचं मशीन; त्याच्या चकमध्ये, जबड्यात, कापायचा तुकडा म्हणजे जॉब आवळायची ती चावी. फोरमनने ती हातात दिली की माणूस टर्नर झाला. त्याआधी तो टर्नरचा पगार घेत असला, नेमणुकीच्या कागदावर टर्नर असला, तरी आमच्या लेखी तो कुणीच नव्हता. "किती वर्षं झाली?" असं विचारलं की जो तो चावी मिळाल्याची तारीख सांगे. लग्नाची तारीख विसरणारे होते, ही विसरणारा मी पाहिला नाही.

पद्धत माझी नव्हे, माझ्या आधीच्या फोरमनची. पण एकोणीस वर्षं ती मी चालवली, आणि त्यात सगळ्यात जास्त ताटकळत ठेवलं ते थांबाला.

थांबा हे त्याचं टोपणनाव. कुठलंही काम सांगा, आधी म्हणायचा, "थांबा, मोजतो." दुसऱ्याने मोजलेलं असलं तरी मोजायचा. आधी सायकली दुरुस्त करत होता, एकतिसाव्या वर्षी आमच्याकडे लागला. मी त्याला ग्राइंडरवर बसवलं. लेथच्या टूलना धार लावायची, कापलेल्या जॉबच्या कडा घासायच्या, मापं घ्यायची, चुकलेला माल बाजूला काढायचा. इतरांना मी चार-सहा महिन्यांत चावी देत असे. त्याला दीड वर्षाने दिली. मधल्या काळात एकदाही विचारायला आला नाही.

मी निवृत्त झालो त्याला तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी कारखान्याचा मालक बदलला. नव्या मालकाने ठरवलं, हाताने चालवायचे लेथ काढायचे आणि संगणकावरच्या मशीन आणायच्या. जुन्या टर्नरना वर्षअखेरपर्यंतची मुदत मिळाली. थांबा तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा. चार ठिकाणी जाऊन आला. सगळीकडे वय विचारलं आणि कळवतो म्हणाले.

मग त्याला परदेशातल्या एका योजनेचा पत्ता लागला. तिथल्या एका विरळ वस्तीच्या भागात जुनी मशीन चालवणारी, दुरुस्त करणारी माणसं उरली नव्हती. कारागिराला कुटुंबासकट कायमचं राहू देत होते, पण गुणांवर. वयाचे गुण, शिक्षणाचे, भाषेच्या परीक्षेचे, अनुभवाचे. मोठं शहर सोडून त्याच भागात राहीन असं लिहून दिलं की वर पंधरा. एकूण ऐंशी लागत.

एका रविवारी तो बायकोला घेऊन माझ्याकडे आला. कामाबद्दल लिहिलेलं मी एकदा नजरेखालून घालावं, एवढंच त्याचं म्हणणं.

"पंच्याहत्तर होतात, मिस्त्री. पाच कमी पडतात."

"भाषेची परीक्षा परत दे."

"तीनदा दिली, काका," त्याची बायको म्हणाली. "लिहिण्यात पैकीच्या पैकी. बोलण्यात गाडी अडते. समोरची बाई प्रश्न विचारते, हे विचार करत बसतात. ती घड्याळ बघते. ह्यांचं आपलं चाललेलंच."

"चुकीचं उत्तर कशाला द्यायचं?"

"अहो, तुम्हाला कोणता रंग आवडतो, ह्यात चुकण्यासारखं काय आहे?"

हसू आलं, पण हसण्याची वेळ नव्हती. सहा आठवड्यांनी त्याला चाळीस पूर्ण होणार होती. चाळिशीला वयाचे दहा गुण जाणार. वय निवड होईल त्या दिवसाचं धरत, आणि निवड महिन्यातून एकदाच होई. म्हणजे जे काय करायचं ते त्याआधी. नंतर पाच नव्हे, पंधरा कमी पडले असते, आणि ते कुठूनही आले नसते.

मी अर्ज वाचला. अनुभव, सात वर्षं चार महिने. आठ असते तर पाच गुण जास्त. मी मनात हिशेब केला. बरोबर होता. चावी दिली तो गुरुवार मला आठवत होता.

"बरोबर लिहिलंयस," मी म्हणालो. पोटासाठीही त्याने एक दिवस फुगवला नव्हता. मला ते आवडलं.

त्याच्या बायकोला आवडलं नाही. तिने अर्ज माझ्या हातातून घेतला.

"काका, हे कारखान्यात लागले त्याला वर्षं किती झाली?"

"नऊला दोन महिने कमी."

"मग मधलं दीड वर्ष हे कुठे होते? सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघायचे. संध्याकाळी बोटांना पट्ट्या गुंडाळून यायचे. कुणाकडे जात होते, तेवढं सांगा. मला कळायला हवं."

"अगं, चावी नव्हती तेव्हा," थांबा म्हणाला.

"चावी, चावी! ह्या अर्जात चावीचा रकाना कुठाय तो दाखवा मला."

आम्ही दोघांनी अर्ज पाहिला. तसा रकाना नव्हता. त्याला जोडून टर्नरच्या कामांची यादी होती, नऊ कामांची. पहिलं, आराखडा वाचणं आणि मापं घेणं. दुसरं, टूल तयार करणं, धार लावणं. लेथ चालवणं तिसरं. तयार माल तपासणं सातवं. मी यादी दोनदा वाचली.

"पहिलं, दुसरं, सातवं. हे तू केलंस."

"केलं. पण ते काम म्हणून नव्हतं, मिस्त्री."

"मग काय म्हणून होतं?"

त्याने यादीवर बोट ठेवून ती तिन्ही कामं पुन्हा वाचली.

"खोटं तर होणार नाही ना?" त्याने विचारलं.

"खोटं असतं तर मी तुला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. नेमणुकीचा कागद आहे?"

"आहे," बायको म्हणाली. "पगाराच्या चिठ्ठ्याही आहेत, पहिल्या महिन्यापासूनच्या. मी जपून ठेवल्यात, ह्यांच्या भरवशावर राहिले असते तर झालंच होतं."

दुसऱ्या दिवशी तिघं परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज भरून देणाऱ्या ताईंकडे गेलो. झेरॉक्सच्या दुकानाच्या वर त्यांची खोली, दोन टेबलं, भिंतीला लोखंडी कपाट. त्यांनी कागद चाळले.

"पूर्ण वेळ, पगारी, त्याच धंद्यातलं काम. धरतात की. आधी का नाही लिहिलं?"

थांबाच्या बायकोने आम्हा दोघांकडे बघितलं.

"त्या वेळच्या वरिष्ठाचं पत्र लागेल. रोज काय करत होते ते सगळं यायला हवं. आणि काका, जरा चांगलं लिहा. अत्यंत कुशल, निष्ठावान, असं काहीतरी."

"ते नाही लिहिणार."

"का बरं?"

"ते माझं मत झालं. त्याचं काम नव्हे."

ताईंनी चष्म्यावरून बघितलं. "बरं बाबा, काम लिहा."

पत्राला तीन दिवस गेले. लेथ फिरवायला सोपा, वाक्य अवघड. चौदा लेथ होते. चौदांची टूल त्याच्याकडे येत. सात वाजता पाळी सुरू होताना प्रत्येक मशीनवर धारदार संच मांडलेला असे. हे लिहिताना आठवलं, तो येण्याआधी प्रत्येक माणूस पाळीत दोन-तीनदा मशीन बंद करून धार लावायला उठत असे. तो बसल्यावर कुणी उठेना. त्या वर्षी आमच्या शॉपचं काम वाढलं म्हणून व्यवस्थापनाने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी ते घेतलं.

त्याला वेग नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो. पहिले सहा महिने ते खरं होतं. पुढे वेग आला, मला दिसत होता. तरी मी त्याला उठवला नाही, कारण तो उठला की चौदा लेथ अडले असते. मी कष्टाच्या बाबतीत कुणाला सूट दिली नाही, स्वतःलाही दिली नाही असं समजत होतो. इथे स्वतःला दिली होती.

पत्राच्या शेवटी लिहिलं, 'ह्यांना लेथवर उशिरा घेतलं ते माझ्या सोयीसाठी. कसब कमी होतं म्हणून नव्हे.'

"हे शेवटचं नसलं तरी चालेल," ताई म्हणाल्या.

"राहू दे."

थांबाने पत्र वाचलं. सावकाश, त्याच्या रीतीने. मग कागद गुडघ्यावर ठेवला.

"मिस्त्री, मला वाटायचं माझा हातच बसत नाही."

"इतकी वर्षं?"

"अजूनही वाटतं."

"बसला होता. सहाव्या महिन्यातच," मी म्हणालो. त्याची बायको खिडकीतून खालचा रस्ता बघत होती.

अर्ज गेला. त्याच्या वाढदिवसाआधी एकच निवड उरली होती, पाच दिवस आधीची. त्या दिवशी मी सकाळपासून नळाचा वॉशर बदलत होतो. नळ गळत नव्हता. दुपारी फोन वाजला.

"काका, आलं!"

"काय आलं? नीट सांग."

"ऐंशी धरले. बोलावलंय त्यांनी. नाव आहे, मी चारदा वाचलं. ह्यांना शॉपमध्ये फोन केला तर म्हणतात, बरं. बरं! नुसतं बरं!"

मी पान्हा खाली ठेवला. एवढा आनंद मला माझी स्वतःची चावी मिळाली त्या दिवशीही झाला नव्हता.

संध्याकाळी दोघं आली. तो पाळीवरून तसाच, तेलाच्या कपड्यांत. मी त्याला माझी हातांची खुर्ची दिली. त्याने पत्र वाचून दाखवायला घेतलं. कोणत्या तारखेपर्यंत कोणते कागद, वैद्यकीय तपासणी कुठे. तिसऱ्या ओळीवर आवाज बसत गेला. वर पाहिलं तर मान कलली होती, तोंड उघडं. झोपला होता.

मी उठवायला गेलो.

"नका, काका," त्याची बायको म्हणाली. "अर्ज हातात घेतल्यापासून रात्ररात्र पंख्याकडे बघत पडतात. आज जीव भांड्यात पडलाय, पडू दे."

तिने त्याच्या बोटांतून पत्र सोडवून घेतलं आणि उरलेलं स्वतः वाचलं, हलक्या आवाजात. गाव छोटं होतं. एक शाळा, एक दवाखाना, शेतीची अवजारं दुरुस्त करणारं एक वर्कशॉप. बस दिवसातून दोनदा.

"शेजारी असतील ना हो?"

"असतील."

"लांब लांब घरं असतात म्हणे. बोलायलाच कुणी नसलं तर?"

"तू बोलायला लागलीस की येतील बघायला, काय झालं म्हणून."

ती हसली. मीही हसलो, जरा मोठ्यानेच. खुर्चीत तो हलला, तशी तिने तोंडावर बोट ठेवलं. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन बसलो आणि दार ओढून घेतलं.