देणारा, घेणारा आणि फोटो

दान देताना तीन गोष्टी शून्य असाव्या लागतात, असं आमच्या वर्षावासाच्या अभ्यासवर्गात गुरुजींनी शिकवलं: देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू. ‘मी देतोय’ एवढं जरी मनात उरलं, तरी ती करुणा राहत नाही, व्यवहार होतो. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, समजावून सांगणं त्यांना छान जमतं. धाराशिवच्या आमच्या विहारात सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते जास्तच पटलं, कारण घेणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहिलेली आहे.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही सास्तूरजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. मी शाळकरी. ट्रकमधून कपडे यायचे. मला कुणाचा तरी झालरीचा फ्रॉक मिळाला. तो छातीशी धरून उभं राहायला सांगितलं आणि फोटो काढला. फ्रॉक अंगात गेलाच नाही, आईनं त्याची फडकी केली. फोटोचं काय झालं माहीत नाही. कुणाच्या तरी अल्बममध्ये मी अजून तो फ्रॉक धरून उभी असेन.

वर्षावास संपायच्या आत नदीकाठची गावं पाण्यात गेली. मदतीचं काम माझ्याकडं आलं. असली कामं माझ्याकडंच येतात. आम्ही बायकांनी पिशव्या भरल्या: तांदूळ, पीठ, तेल, चटणी, काडेपेटी, चादर. सॅनिटरी पॅड मी त्यात ठेवायला लावले, पुरुषांना ते सुचलं नव्हतं. टेम्पो निघताना गुरुजी गुंडाळलेला फ्लेक्स घेऊन आले. त्यावर देणगीदारांची नावं, आणि हात जोडलेले स्वतः गुरुजी.

“गुरुजी, हे कशाला?”

“अहो ताई, देणाऱ्यांना दाखवायला नको? फोटो बघितल्याशिवाय पुढच्या टायमाला कोण हात सैल सोडील?”

“आणि ती तीन शून्यं?”

“ती खरीच आहेत. पण टेम्पोत डिझेल टाकावं लागतं, शून्य टाकून चालत नाही.”

सगळे हसले. मी हसले नाही. फ्लेक्स बांधायचा नाही आणि फोटो कुणाचाही काढायचा नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. वाटप मी करणार होते, म्हणून गुरुजींनी फ्लेक्स परत गुंडाळून ठेवला.

गावात चिखलाला वास सुटला होता. शेतातली काळी माती वाहून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला होता. समाजमंदिरापुढं बायका आमच्या आधीच रांगेत उभ्या होत्या. पुढं एक म्हातारी. मागची भिंत पडली, शेळ्या वाहून गेल्या, हे तिनं न विचारता सांगितलं, पाठ केल्यासारखं. मी पिशवी तिच्या हातात दिली. तिनं ती छातीशी धरली, पदर सारखा केला आणि उभीच राहिली.

“मावशी, झालं. जावा घरी.”

“आन् फोटू?”

“फोटो नाही काढायचा.”

“का गं बाई? माझं काय चुकलं?”

“काही चुकलं नाही. आम्ही कुणाचाच काढत नाही.”

“आसं कुठं आसतंय? कालच्यांनी दोनदा काढला. तू सांग कसं उभी ऱ्हाऊ, तशी ऱ्हाते.”

मागची बाई वैतागली. “काढा की वो ताई! उन्हात किती येळ? ज्येचा फोटू न्हाय त्येचं यादीतनं नाव कटतंय.”

मी समजावू लागले. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि पिशवी माझ्या पायाशी ठेवली.

“मग नगं. उद्या म्हणचाल, हिनं तशीच उचलली.”

गुरुजी लांबून बघत होते. घेणाऱ्याला आपण केव्हाच शून्य करून ठेवलंय, हे त्यांच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. उरलेले दोघं मात्र चांगले धडधाकट आहेत.

मी पिशवी उचलून परत तिच्या हातात दिली आणि मोबाईल काढला.

“हसू का नगं?” तिनं विचारलं.

“तुमच्या मनाला येईल तसं.”

ती गोंधळली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

“हसू नगंस, म्हातारे,” मागची बाई म्हणाली. “पुराचा फोटू हाय.”

म्हातारीनं तोंड मिटलं.